भिंत कुठल्या बाजूला पडली?

गेल्या दिवाळीत सगळे फराळाला बसलेलो असताना आजीने मला विचारलं, "का रं, तू कंपनीत दिसभर भोकं बगत बसतोस म्हनं?"

घरात हशा पिकला. पण तिचं काही चुकलं नव्हतं. मी कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलं आणि गेली काही वर्षं इथे बडोद्यातल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. ते सॉफ्टवेअर जमिनीत खोलवर मारलेल्या विहिरींच्या भिंतींची चित्रं वाचतं. विहिरी म्हणजे तेलाच्या, वायूच्या. साधारण वीतभर रुंद आणि दोन-तीन किलोमीटर खोल. म्हणजे शेवटी भोकंच.

"पण त्या भोकात बघायचं काय असतं?" काकूने विचारलं.

"भिंत कुठल्या बाजूला पडलीय ते."

हे मी सहज म्हणालो. आजीने मात्र हातातली चकली ताटलीत ठेवली. "आमची मागल्या बाजूची पडली व्हती," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण कोणी काढत नाही. आजीचं सासर पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा ती वीस वर्षांची होती. घर दगड-मातीचं. ती आणि आजोबा पुढच्या खोलीत होते. मागच्या खोलीत धाकटी नणंद झोपली होती, बारा वर्षांची. मागची भिंत आत आली. पुढची उभी राहिली. त्यानंतर दोन वर्षांनी आजोबा त्यांच्या चुलत्यांकडे बडोद्याला आले, नोकरीला लागले आणि आम्ही बडोद्याचे झालो. आजही आजी पलंग भिंतीला टेकवू देत नाही.

त्या रात्री ती माझ्या खोलीत आली. गावाकडच्या चुलतकाकांनी जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधायला काढलंय, हे मला माहीत होतं. दगडी जोत्यावर चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब. मिस्त्री गावातलाच. भूकंपाचे पट्टे वगैरे घालायचे तर खर्च वाढतो, म्हणून काका नको म्हणत होते. "रोजच बारके धक्के बसत्यात, आता काय व्हनार न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

आजीने मला एवढंच विचारलं, "तुमचं त्ये यंत्र सांगतं का, पुन्यांदा कवा व्हईल त्ये?"

मी "बघून सांगतो" म्हणालो. हा लेख म्हणजे ते बघणं आहे.

खडकातला दाब

इंग्रजीत स्ट्रेस म्हणतात त्याला आपल्या शाळेच्या पुस्तकात प्रतिबल असा शब्द होता. मी इथे साधा दाब म्हणणार आहे, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्यात बुडी मारली की दाब सगळ्या बाजूंनी सारखा लागतो. खडकात तसं नसतं. तिथे वरून एक दाब असतो, आडवा एका दिशेने दुसरा, आणि त्याच्याशी काटकोनात तिसरा. तिन्ही वेगवेगळे असू शकतात.

वरचा दाब काढणं सोपं. तो म्हणजे डोक्यावरच्या खडकाचं वजन. एका घनमीटर कातळाचं वजन सुमारे २७०० किलो धरलं, तर तीन किलोमीटर खाली हा दाब साधारण ८० मेगापास्कल होतो. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर ८०० किलो. तुमच्या नखावर एक लहान मोटार उभी आहे असं समजा.

आडव्या दाबांचं मात्र वजन करता येत नाही. ते खंडांच्या हालचालींतून येतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकतोय आणि तिकडे हिमालयापाशी तिबेटच्या बाजूच्या भूभागावर रेटतोय. तो रेटा दक्षिणेपर्यंत खडकात मुरलेला असतो. तो बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. मग त्याची दिशा कळणार कशी?

एक मार्ग असा: त्या खडकात भोक पाडायचं आणि त्याच्या भिंतीची पडझड बघायची.

मांडवाला वळसा घालणारी गर्दी

गणपती विसर्जनाच्या दिवशी दांडिया बाजारातल्या गर्दीत सापडला असाल तर पुढचं लगेच कळेल. समजा रस्ता उत्तर-दक्षिण आहे आणि मधोमध एक गोल मांडव आहे. गर्दी उत्तरेकडून दक्षिणेकडे चालली आहे. मांडवाच्या आत तर कोणी जाऊ शकत नाही, म्हणून सगळे त्याला वळसा घालतात. सर्वात जास्त चेंगराचेंगरी कुठे होते? मांडवाच्या पूर्व आणि पश्चिम कडेला. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या टोकाला त्या मानाने मोकळं असतं.

खडकातही असंच घडतं. भोक पाडलं की त्या जागेतून जाणारा दाब आत जाऊ शकत नाही, तो भोकाला वळसा घालतो. मोठा आडवा दाब उत्तर-दक्षिण असेल तर भोकाच्या पूर्व आणि पश्चिम भिंतीवर दाब गोळा होतो. तिथे खडकाच्या ताकदीपेक्षा तो जास्त झाला की भिंतीच्या ढलप्या निघतात आणि गोल भोक दोन बाजूंना लांबट होतं. या पडझडीला बोअरहोल ब्रेकआउट म्हणतात.

म्हणजे भिंत पडते ती रेट्याच्या दिशेला नाही, तिच्याशी काटकोनात. नवीन माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. माझाही झाला होता.

हे गणित जर्मन अभियंता किर्श याने १८९८ साली मांडलं, एका पत्र्यातल्या गोल भोकासाठी. त्याचं सूत्र शाळेच्या बेरीज-वजाबाकीइतकं सोपं आहे. मोठा आडवा दाब ९० आणि लहान ५० मेगापास्कल आहे असं समजू. जिथे चेंगराचेंगरी जास्त तिथे भिंतीवरचा दाब म्हणजे मोठ्याच्या तिप्पट वजा लहान: २७० वजा ५०, म्हणजे २२०. जिथे कमी तिथे लहानाच्या तिप्पट वजा मोठा: १५० वजा ९०, म्हणजे ६०. भोकात ड्रिलिंगसाठी जो चिखल भरलेला असतो तो भिंतीला आतून आधार देतो. तीन किलोमीटरवर त्याचे ३० धरून वजा केले तर १९० आणि ३० उरतात. एकाच वीतभर भोकाच्या दोन बाजूंना सहापट फरक!

चांगल्या ग्रॅनाइटचा तुकडा प्रयोगशाळेत दाबला तर तो साधारण १५० ते २५० मेगापास्कलच्या दरम्यान फुटतो. म्हणजे १९० ला भिंत पडेलही, नाही पडणारही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आणखी एक गंमत. जिथे दाब कमी उरतो तिथे, चिखलाचा जोर वाढला किंवा थंड चिखलाने खडक आकसला, तर भिंत उलट ताणली जाते आणि तिला उभी चीर पडते. ही चीर मोठ्या दाबाच्या दिशेला असते. म्हणजे एकाच भोकात दोन साक्षीदार मिळतात, एकमेकांशी काटकोनात उभे. दोघांचा जबाब जुळला की दिशा पक्की.

चित्र कसं वाचतात

दक्षिण आफ्रिकेतल्या खोल खाणींमध्ये भोकांच्या भिंती अशा समोरासमोर पडतात हे १९६० च्या दशकात नोंदलं गेलं होतं. पण या पडझडीचा होकायंत्रासारखा उपयोग होऊ शकतो हे खऱ्या अर्थाने कळलं ते कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातल्या तेलविहिरींमुळे. तिथे चार हातांचं एक मोजमापाचं उपकरण विहिरीत सोडत. ते हात भिंतीला टेकून विहिरीची रुंदी सांगत. १९७० च्या दशकात लक्षात आलं की मैलोन्‌मैल अंतरावरच्या विहिरी एकाच दिशेला लांबट झाल्या आहेत. १९७९ मध्ये बेल आणि गॉफ या दोघांनी याचं कारण खडकातला आडवा दाब आहे असं मांडलं. तोवर ज्या पडझडीला ड्रिलिंगवाले नुसत्या शिव्या घालत होते, तिची नोंद ठेवायला सुरुवात झाली. १९८६ मध्ये जगभरातल्या अशा दिशा एका नकाशावर आणण्याचं काम सुरू झालं. तो जागतिक दाब-नकाशा आजही वाढतो आहे.

आता आमच्यासारख्यांकडे येतं ते थेट भिंतीचं चित्र. एक उपकरण स्वतःभोवती फिरत ध्वनिलहरी सोडतं आणि त्यांचा प्रतिध्वनी ऐकतं. दुसऱ्या प्रकारचं उपकरण भिंतीला टेकून विजेचा रोध मोजतं. दोन्हींतून मिळालेलं चित्र म्हणजे उभी पाइप कापून सपाट पसरल्यासारखं असतं: डाव्या कडेला उत्तर, मग पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उजव्या कडेला पुन्हा उत्तर. खडकातली जुनी तिरपी भेग या चित्रात लाटेसारखी दिसते. ब्रेकआउट दिसतं ते दोन काळपट उभ्या पट्ट्यांसारखं, एकमेकांपासून बरोबर १८० अंशांवर.

पण प्रत्येक काळी पट्टी ब्रेकआउट नसते. ड्रिलचा दांडा एकाच बाजूला घासला तर तिथे खाच पडते, पण समोर काहीच नसतं. मऊ थर धुपला तर भोक सगळीकडून रुंद होतं. जोडी हवी, समोरासमोर हवी, आणि बऱ्याच खोलीपर्यंत त्याच दिशेला हवी. एवढं जमलं तरच जबाब नोंदवायचा.

माझी चूक

हे सगळं वाचून मी मोठ्या उत्साहाने एक प्रोग्रॅम लिहिला. तो चित्रातल्या जोड्या शोधायचा, प्रत्येकीची दिशा काढायचा, तिच्यात काटकोन मिळवून मोठ्या दाबाची दिशा ठरवायचा आणि शेवटी सगळ्यांची सरासरी द्यायचा. पहिल्या खऱ्या विहिरीवर चालवला. उत्तर आलं: मोठा दाब पूर्व-पश्चिम, ९० अंश. मी सुबक बाण काढून अहवाल पाठवला.

आमच्याकडे निवृत्तीला आलेले एक भूशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी माझा आकडा पाहिलाच नाही. त्यांनी चित्र उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "काळ्या पट्ट्या कुठल्या बाजूला आहेत?"

"पूर्वेला आणि पश्चिमेला."

"मग दाब पूर्व-पश्चिम कसा?"

मला कानकोंडं झालं. चूक अगदी साधी होती. समजा चार ठिकाणी दिशा आल्या ४, १७६, ८ आणि १७२ अंश. यांची बेरीज ३६०, भागिले चार, सरासरी ९०. शाळेतलं गणित अगदी बरोबर. पण ४ अंश म्हणजे उत्तरेपासून किंचित पूर्वेकडे झुकलेली रेषा, आणि १७६ म्हणजे तितकीच पश्चिमेकडे झुकलेली. रेषेला पुढचं-मागचं टोक नसतं, १८० अंशांवर ती पुन्हा स्वतःवरच येते. चारही रेषा जवळजवळ उत्तर-दक्षिण होत्या, आणि माझ्या सरासरीने बरोबर त्यांच्या विरुद्ध, काटकोनातली दिशा दिली होती.

उपाय जुना आणि ठरलेला आहे. आधी प्रत्येक कोन दुप्पट करायचा, त्या दिशांना बाण समजून त्यांची बेरीज करायची, आणि आलेला कोन निम्मा करायचा. ८, ३५२, १६ आणि ३४४ या बाणांची बेरीज शून्याकडे येते. निम्मं केलं तरी शून्य. उत्तर-दक्षिण. फक्त चार ओळींचा बदल.

तो अहवाल बाहेर जायच्या आधी थांबला म्हणून बरं. आडवी विहीर कुठल्या दिशेने नेली तर टिकेल, खडक फोडला तर चीर कुठे पळेल, हे सगळं त्या एका बाणावर ठरतं. तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. आकडा आला की आधी चित्र उघडायचं आणि भिंत कुठल्या बाजूला पडलीय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

दिशा कळली, दाब किती?

दिशा ही या पद्धतीची जमेची बाजू. दाब किती, हा प्रश्न अवघड आहे.

वरचा दाब वजनावरून मिळतो. लहान आडवा दाब मोजण्याची थेट पद्धत आहे: भोकाचा एक तुकडा बंद करून त्यात पाणी दाबायचं, खडकाला बारीक चीर पाडायची, आणि ती चीर कोणत्या दाबाला मिटते ते बघायचं. मोठ्या आडव्या दाबाला असं थेट पकडता येत नाही. तिथे ब्रेकआउट कामाला येतं.

मघाचंच उदाहरण घेऊ. हे आकडे समजुतीपुरते आहेत, कुठल्या ठरावीक विहिरीचे नाहीत. वरचा दाब ८०, लहान आडवा ५०, चिखल ३०. भिंत पडलेली दिसतेय. खडकाची ताकद १५० असेल तर किर्शच्या सूत्राने मोठा दाब निदान ७७ असला पाहिजे, नाहीतर भिंत पडलीच नसती. ताकद २५० असेल तर निदान ११० हवा. पडझड तीच, पण खडकाची ताकद नीट माहीत नसल्यामुळे उत्तर एवढं हलतं.

दुसऱ्या बाजूने एक मर्यादा मिळते. जमिनीखालचा खडक अखंड नसतो, त्याला जुन्या भेगा असतात. दोन दाबांत फार फरक पडला की त्यातली एखादी भेग घसरते आणि फरक पुन्हा कमी होतो. बहुतेक खडकांचं घर्षण एकमेकांच्या आसपास असतं. त्यामुळे भेगांतल्या पाण्याचा दाब वजा केला, तर सर्वात मोठा दाब सर्वात लहान दाबाच्या साधारण तिपटीपलीकडे जाऊ शकत नाही. आपल्या उदाहरणात भेगांतल्या पाण्याचे ३० वजा केले की लहान दाब उरतो २०. त्याची तिप्पट ६०, थोडं वर. म्हणजे मोठा दाब फार तर ९२ च्या आसपास. मग ११० शक्यच नाही.

तेव्हा उत्तर काय? ७७ ते ९२ च्या मध्ये कुठेतरी. एकच आकडा छापायचा मोह होतो, पण प्रामाणिक उत्तर म्हणजे ही पट्टी. आणि गंमत अशी की वरचा ८० चा दाब नेमका या पट्टीच्या आत पडतो. मोठा आडवा दाब वरच्यापेक्षा जास्त असेल तर भेगेच्या दोन बाजू आडव्या सरकतात. वरचा दाब जास्त असेल तर एक बाजू खाली घसरते. त्यामुळे जमीन कशी हलेल, हेही त्या पट्टीत कुठेतरी लपलेलं राहतं.

कोयनेचं भोक

आता आजीच्या प्रश्नाकडे. कोयना धरणात १९६२ मध्ये पाणी साठायला लागलं आणि थोड्याच काळात परिसरात धक्के जाणवू लागले. १९६७ चा मोठा भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. सुमारे दोनशे माणसं गेली. तेव्हापासून धक्के थांबलेले नाहीत, आणि तलावातलं पाणी चढण्या-उतरण्याशी त्यांचा संबंध दिसतो. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं हे जगातलं सर्वात प्रसिद्ध ठिकाण. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता यांनी आयुष्याचा मोठा भाग याच खोऱ्याच्या अभ्यासात घालवला.

धक्क्यांच्या जवळ जाऊन मोजमाप करायला भोकच हवं. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला त्यासाठी खास प्रयोगशाळा उभारली, आणि पाटण तालुक्यातल्या गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल पथदर्शी भोक पाडलं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. आधी सुमारे सव्वा किलोमीटर आपला सह्याद्रीचा काळा बेसाल्ट, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट व तशाच प्रकारचा फार जुना खडक.

त्या भोकाच्या भिंतीची चित्रं घेतली गेली. त्यात दोन्ही साक्षीदार सापडले: पडझडही आणि उभ्या चिराही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मोठा आडवा दाब ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे आणि परिस्थिती 'सीमेवरची' आहे, म्हणजे आडवं सरकणं आणि खाली घसरणं या दोन प्रकारांच्या मधली. ते वाचताना मला माझ्या ७७ ते ९२ च्या पट्टीची आठवण झाली.

मग धरणाचं काय? आमच्या घरात, गावात, सगळे म्हणतात की धरणाने भूकंप केला. आकडे बघू. शंभर मीटर उंच पाणी म्हणजे एक मेगापास्कल. खाली तीन किलोमीटरवर खडकात ८० मेगापास्कलच्या घरातले दाब आहेत. ऐंशीपुढे एक म्हणजे किती?

याचं उत्तर जर्मनीतल्या एका भोकाने चांगलं समजावलं. बव्हेरियात १९९० ते १९९४ मध्ये ९१०१ मीटर खोल भोक पाडलं गेलं. तिथली पडझड, चिरा आणि पाणी दाबून केलेल्या चाचण्या एकत्र करून काढलेले दाब घर्षणाच्या मर्यादेच्या अगदी जवळ निघाले. आजूबाजूला मोठे भूकंप नाहीत, शांत भाग आहे, तरी खडक काठावर उभा. अशा काठावरच्या खडकात पाणी भेगांमध्ये मुरलं, तर ते भेगेच्या दोन बाजूंना दाबून धरणारी पकड थोडी सैल करतं. तेवढी सैल होणं पुरतं. रेटा धरणाचा नसतो, तो आधीपासून साचलेला असतो. पाणी फक्त निमित्त होतं.

म्हणजे खोऱ्यातले जुने लोक अगदीच चुकीचे नाहीत, आणि पूर्ण बरोबरही नाहीत.

आजीला काय सांगितलं

एका रविवारी मी आजीशेजारी बसून हे सगळं सांगितलं. लॅपटॉपवर भिंतीचं एक नमुन्याचं चित्र दाखवलं. तिने काळ्या पट्ट्यांवर बोट ठेवलं. "म्हंजी रेटा आडव्या अंगानं," ती म्हणाली. मांडवाचं उदाहरण द्यायच्या आधीच तिला ते कळलं होतं. मला पहिल्यांदा महिना लागला होता.

मग तिने विचारलं की तिच्या घराची मागचीच भिंत का पडली, त्यावरूनही रेट्याची दिशा कळते का. मी नाही म्हणालो. तिथे गणित वेगळं आहे. भूकंपात भिंत पडते ती जमिनीच्या हलण्याने, आणि भिंत कशी बांधली आहे त्यावर. जाड दगड-मातीची भिंत तिच्या रुंद तोंडावर आडवी ढकलली तर सहज कोसळते. कोपऱ्यात ती शेजारच्या भिंतीला बांधलेली नसेल तर तिला धरणारं कोणीच नसतं. मागची भिंत पडली आणि पुढची नाही, यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. कोण कुठल्या खोलीत झोपावं हे कोणाला माहीत असणार?

आजी बराच वेळ गप्प होती.

"आन पुन्यांदा कवा?"

"आजी, ते कोणालाच सांगता येत नाही. रेटा कुठल्या बाजूने आहे ते सांगता येतं. किती आहे ते अंदाजाने. कधी, ते नाही. पण खडक काठावर आहे हे नक्की. संपलं असं कोणी म्हणू नये."

"म्हंजी भिंत बांदायची ती व्हनार असंच धरून."

तीन किलोमीटरच्या भोकाचा आणि माझ्या सगळ्या वाचनाचा सारांश तिने एका वाक्यात काढला होता.

काकांना फोन तिनेच लावला. मी फक्त कागद पाठवला: जोत्याच्या पातळीवर एक, दारं-खिडक्यांच्या वर एक, असे सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारे काँक्रीटचे पट्टे, आत सळया, आणि कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत न्यायची. काकांनी आधी नेहमीचं उत्तर दिलं: कधी होणार ते सांगता येत नाही तर खर्च कशाला? आजी म्हणाली, "सांगता येत न्हाई म्हनूनच." पुढे ती नणंदेचं नाव घेऊन काहीतरी बोलली, ते मला नीट ऐकू आलं नाही. पण त्यानंतर काकांनी वाद घातला नाही. वाढीव खर्चातला निम्मा वाटा आम्ही बडोद्याहून उचलला.

मार्चमध्ये काकांनी मोबाईलवर फोटो पाठवला. दारांच्या वर सळया टाकल्या होत्या, काँक्रीट अजून ओतायचं होतं. मी आजीला दाखवला. तिने फोटो मोठा करायला लावला, चष्मा लावून कोपरा न्याहाळला आणि विचारलं, "ही सळी वळवलीय ना रं?"

वळवली होती. तरी मी काकांना फोन करून दुसऱ्या तीन कोपऱ्यांचेही फोटो मागवून घेतले.